बोर्डमावशींकडे ‘बरं आहे’ला बंदी

बोर्डमावशींना ‘बरं आहे’ हे दोन शब्द सहन व्हायचे नाहीत. दारात कुणी आलं की त्या विचारायच्या, “काय रे, कसं काय?” आणि समोरचा माणूस सवयीने “बरं आहे” म्हणाला रे म्हणाला की कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, “बरं आहे ना? मग घरी जा. इथे कशाला आलास?” नवखा माणूस गांगरून जायचा. चप्पल काढावी की परत घालावी हे त्याला कळायचं नाही. मग त्याच स्वतः दार पूर्ण उघडायच्या आणि म्हणायच्या, “ये आत. आता नीट सांग.”

त्यांचं खरं नाव शालिनीताई. मानपाड्याला आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायच्या. आयुष्यभर चौथीच्या वर्गाला शिकवलेलं, त्यामुळे समोर पोरगा असो की पन्नाशीचा बाप्या, सगळ्यांना अरेतुरे. आमचा भाग म्हणजे कारखान्यांचा शेजार. कुणाचा हात मशीनमध्ये जायचा, कुणाच्या पायावर ड्रम पडायचा. अशा कामगारांच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जातात. कामावर इजा झाली तर घरी बसल्या दिवसांचा भत्ता मिळतो, आणि इजा कायमची असेल तर डॉक्टरांचं एक बोर्ड माणसाला तपासून ठरवतं की त्याची कमावण्याची ताकद किती गेली. त्यावर दरमहा पेन्शन. या बोर्डापुढे जाणाऱ्यांची तयारी मावशी करून घ्यायच्या, म्हणून त्या बोर्डमावशी. पैसे घ्यायच्या नाहीत, पण बोलणी मात्र पोटभर खायला घालायच्या.

हा उद्योग त्यांच्या मागे लागला तो नवऱ्यामुळे. काका रंगाच्या कारखान्यात होते. डोळ्यात अ‍ॅसिड उडालं आणि एक डोळा गेला. बोर्डापुढे साहेबांनी विचारलं, “काय, दिसतं ना?” काका म्हणाले, “दिसतं की साहेब. बरं आहे.” दुसऱ्या डोळ्याने दिसतच होतं, खोटं काय बोलले? पण तेवढंच कागदावर चढलं, आणि अपील करता येतं हे कळेपर्यंत मुदत संपून गेलेली. मावशी त्या एका वाक्यावरून नवऱ्यावर जन्मभर चिडून होत्या. काका गेल्यानंतर फोटोला हार घालतानासुद्धा पुटपुटायच्या, “म्हणे बरं आहे! कुणी विचारलं होतं तुम्हाला मोठेपणा करायला?”

आमचे पप्पा याच जातकुळीतले. डबे बनवायच्या कंपनीत प्रेस मशीनवर होते. उजवा हात प्रेसखाली आला. ऑपरेशनने बोटं वाचली, जागेवर राहिली, पण वळेनात. लांबून बघणाऱ्याला हात धडधाकट दिसायचा. घरी कुणी चौकशीला आलं की पप्पा तो हात खिशात घालून, “चालायचंच. बरं आहे आता,” म्हणायचे आणि आईला चहा टाकायला सांगायचे. विषय संपला.

बोर्डाच्या दिवशी तर त्यांनी कमालच केली. सकाळी दाढी केली, लग्नाला घालायचा फुल बाह्यांचा शर्ट काढला, इस्त्री करून घेतली. साहेब लोकांपुढे जायचं तर गबाळं कसं जाणार! आईने बटणं लावून दिली, मनगटापर्यंत. आत गेल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याला बसायला जागा नव्हती, तर पप्पांनी कोपरात अडकवून खुर्ची उचलून दिली. डॉक्टरांनी बघितलं, विचारलं, “काम जमतं का हाताने?” पप्पा म्हणाले, “जमवून घेतो साहेब. बरं आहे.” निकाल काय लागणार? कायमचं नुकसान जवळजवळ नाहीच, असा कागद घरी आला. कंपनीने त्याआधीच हाताचं कारण देऊन घरी बसवलेलं. म्हणजे कंपनीच्या लेखी हात गेलेला आणि बोर्डाच्या लेखी शाबूत. मी तेव्हा एस.वाय.ला होते. आईच्या शिवणकामावर घर चालणार नव्हतं. पेन्शन नाही मिळाली तर माझं कॉलेज बंद, हे घरात कुणी बोललं नव्हतं पण तिघांनाही माहीत होतं.

आईने पप्पांना जवळजवळ ओढतच मावशींकडे नेलं. मी मागे. मावशींनी दारात विचारलं, “कसं काय?” आणि पप्पा म्हणाले, “बरं आहे.” मला वाटलं आता जमिनीने पोटात घ्यावं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बघ, आणखी एक आला. साऱ्या मानपाड्यात एक माणूस आजारी नाही.”

अपिलाची मुदत शिल्लक होती. अर्ज केला आणि तारीख येईपर्यंत रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. मावशींची पद्धत अगदी साधी. दुखतं का, किती दुखतं, असलं विचारायच्या नाहीत. “सकाळी उठलास. पुढे सांग. काय काय करता येत नाही?” एवढाच प्रश्न. ब्रश कसा करतोस, टॉवेल पिळता येतो का, भाकरीचा तुकडा कोणत्या हाताने मोडतोस. पप्पा म्हणायचे, “जरा अडचण होते.” मावशी म्हणायच्या, “जरा म्हणजे? जरा हा शब्द डॉक्टरला कळत नाही. पिळता येतो की नाही?” एकदा पप्पा वैतागले. “मावशी, चार लोकांत भिकाऱ्यासारखं रडगाणं गाऊ का मी?” तशा मावशी ताडकन उभ्या राहिल्या. “भीक कसली रे? पगारातून कापून घेताना तुला विचारलं होतं का कुणी? विमा आहे तो, तुझ्या घामाचा. मागायला लाजतोस, आणि पोरीचं शिक्षण बंद करायला लाज नाही वाटत?” मलाही ते लागलं, पण ते खरंच होतं.

वाढवून सांगायलाही मात्र सक्त मनाई. त्याच दिवसांत एक जण लंगडत आला. मावशींनी त्याला बसवलं, चहा दिला आणि स्वयंपाकघरातून अचानक ओरडल्या, “अरे, तुझी बाइक कोण घेऊन चाललंय बघ!” गडी दोन ढांगांत फाटकापाशी. परत आला तेव्हा मावशी दारात उभ्या. “चप्पल घाल आणि नीघ. तुझ्या नाटकामुळे तुझ्यामागच्या खऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवणार नाही.” तो गेल्यावर पप्पांना खूप दिवसांनी हसताना पाहिलं. मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “तू हसू नकोस. तो धडका पाय लपवतो, तू मोडका हात लपवतोस. मला दोघांचाही सारखाच राग येतो.”

अपिलाच्या दिवशी मावशी आमच्याबरोबर ठाण्याला आल्या. पप्पांना त्यांनी अर्ध्या बाह्यांचा रोजचा शर्ट घालायला लावलेला. बरोबर पोहे, पाण्याची बाटली, आणि वाटभर सूचना. आत मात्र घरचं एकच माणूस सोडत होते, म्हणून मी गेले. मावशी बाहेर बाकड्यावर बसून राहिल्या.

आतल्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून बघितला आणि शांतपणे विचारलं, “काय त्रास आहे?” पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून “बरं” निघालंच. ते थांबले आणि म्हणाले, “बरं नाही साहेब. टॉवेल पिळता येत नाही. घास तोंडापर्यंत जात नाही, डाव्या हाताने जेवतो. शर्टाची बटणं बायको लावते. पोरगी समोर आहे म्हणून लाज वाटते, पण पायजम्याची नाडीसुद्धा बायकोच बांधते. मी प्रेस चालवायचो साहेब. आता कुलपात किल्ली फिरवता येत नाही मला.”

नाडीचं मला माहीत नव्हतं. एका खोलीच्या घरात राहून माहीत नव्हतं. आई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ते सगळं उरकून घेत असणार. मी फरशीकडे बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर पप्पांना पुढे बोलता आलं नसतं. डॉक्टर लिहीत होते. मग त्यांनी हाताची पकड मोजली, बोटं वाकवून बघितली, बराच वेळ तपासलं. बाहेर आल्यावर मावशींनी पप्पांना काही विचारलं नाही. त्यांचा चेहरा बघितला, डबा उघडला आणि म्हणाल्या, “खा. डाव्या हाताने खा, इथे सगळे आपलेच आहेत.”

पेन्शन मंजूर झाली. मी ग्रॅज्युएट झाले, आज कल्याणला नोकरी करते. पेन्शनचे पेढे घेऊन गेलो तेव्हा मावशींनी पेढा तोंडात टाकत पप्पांना दम भरला, “दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. विसरलास तर पेन्शन थांबेल, आणि मी दारात उभं करणार नाही.” त्यानंतर दरवर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, आमच्याकडे खीर खायला त्या न चुकता यायच्या, आणि आईला विचारायच्या, “हा घरी खरं बोलतो का गं आता?”

गेल्या वर्षी मावशी गेल्या. त्याआधी काही महिने त्या कळव्याला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. बाथरूममध्ये पडल्या, खांदा मोडला, वयामुळे तो नीट जुळलाच नाही. आम्ही फोन करायचो, “मावशी, कशा आहात?” आणि पलीकडून उत्तर यायचं, “बरं आहे गं.” दर वेळी तेच. एकदा पप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “ही बाई खोटं बोलतेय. चल.”

मावशी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस मोकळे, चेहरा ओढलेला. लेक कामावर गेलेली. “अगंबाई, कशाला एवढ्या लांब आलात?” म्हणून हसल्या. पप्पांनी खुर्ची पुढे ओढली, त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, “सकाळी उठलात. पुढे सांगा. काय काय करता येत नाही?”

“चल, आगाऊ,” मावशी म्हणाल्या. पप्पा हलले नाहीत. ते नुसते बघत राहिले, जसं त्या त्यांच्याकडे बघत बसायच्या. मावशींचं हसू हळूहळू उतरलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “वेणी घालता येत नाही रे. लेकीला सकाळी घाई असते, तिला सांगवत नाही. दिवसभर अशीच अवतार होऊन बसते.”

मी त्यांच्या मागे पलंगावर चढून बसले. पप्पांनी न वळणाऱ्या बोटांच्या बेचक्यात कंगवा धरला आणि दुसऱ्या हाताने तेलाची बाटली. मला पेड सारखे घेता येत नव्हते. कशीबशी वेणी घातली आणि त्यांच्या हातात आरसा दिला.

“छान झालीय,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, खरं सांगा,” पप्पा म्हणाले.

त्यांनी पुन्हा आरशात मान वळवून बघितलं. “वाकडी झालीय,” त्या म्हणाल्या, आणि आम्हा दोघांसमोर पहिल्यांदाच रडल्या.

मी वेणी सोडली आणि पुन्हा घातली.