चुलीमागे एक मत

आमच्या गावात माणसं देवावरून कधी भांडली नाहीत, डेअरीवरून भांडली. निरगुडसरच्या अलीकडे आमचं गाव. वडील गेल्यावर डेअरीचं सभासदत्व आईच्या नावावर आलं. नव्वदच्या दशकात संस्थेत दोन पॅनल झाली आणि माझे दोन्ही भाऊ एकेकाला जाऊन चिकटले. घरही तेव्हाच वाटलं. आई पंधरा दिवस थोरल्याकडे जेवायची, पंधरा दिवस धाकट्याकडे. एकतीस तारखेला कुणाकडे, हा प्रश्न त्या दोघांना कधीच सुटला नाही. म्हशी वाटल्या गेल्या, पण धारा सगळ्यांच्या तीच काढायची.

भांडण मताचं होतं. सत्तेतल्या पॅनलने आपल्या घरातली झाडून सगळी माणसं सभासद करून ठेवलेली. ज्यांच्या दावणीला शेळीसुद्धा नाही, तेही मतदार! विरोधक म्हणायचे, दूध घालेल त्यालाच मत. सत्तेतले म्हणायचे, सभासद तो मतदार. मारुतीच्या देवळात सभा भरली की खुर्च्या उडायच्या. मला पेठला दिलेलं. माहेरी आले की दोन्ही भावजया वेगवेगळा चहा पाजून आपापली बाजू ऐकवायच्या.

शेवटी मोठ्या लोकांनी बसून तोड काढली. एका चुलीमागे एक मत. बाकीच्यांनी स्वखुशीने राजीनामे द्यायचे. काय शहाणपणाचा निवाडा, म्हणून गावभर कौतुक झालं. घराघरातून राजीनामे कुणाचे गेले ते सांगायला नको. ज्यांचे हात शेणात होते त्यांचेच गेले.

आईने राजीनाम्यावर अंगठा द्यायला साफ नकार दिला. "धारा म्या काढायच्या, शेण म्या काढायचं, आन् मत त्यांनी द्यायचं व्हय? माजी बी चूल मांडते." तिने गोठ्यात तीन दगड मांडले आणि भाकरी टाकली. मी त्या दिवशी तिथेच होते. धुराने तिचे डोळे लाल झाले होते, पण ती खूश होती. वडील गेल्यापासून इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती.

चुली पाहायला दोन्ही पॅनलचा एकेक माणूस आला. मागोमाग माझे भाऊ.

"आई माज्या चुलीवर जेवती," थोरला म्हणाला.

"माज्या बी," धाकटा म्हणाला.

तिच्या ताटावर दोघांनी इतक्या हौसेने हक्क सांगितलेला मी जन्मात ऐकला नव्हता. म्हातारी कुणाला मत देईल याचा भरवसा पाहणीवाल्यांनाही नव्हता, म्हणून त्यांचं लगेच जमलं.

"काकी, दोन लेकांच्या चुली असताना तिसरी कशाला? लोकं हसत्याल," त्यांतला एक म्हणाला.

आईने भाकरी उलटली. "एकतीस तारखेला मी कुनाच्या चुलीवर जेवते, तेवढं सांगा, भाऊ."

पाहणीवाले म्हशी बघत उभे राहिले आणि निघून गेले.

आठवड्यात तिचा राजीनामा मंजूर झाला. अंगठा कुणाचा, असं मी विचारलं तर भाऊ पहिल्यांदाच एका सुरात बोलले, "तू पेठची, तू कशाला मधी पडती?" त्या वाक्याची चीड अजून गेलेली नाही.

एवढं करून मतदान झालंच नाही. दोन्ही पॅनलनी जागा निम्म्यानिम्म्या वाटून घेतल्या. निवडणूक बिनविरोध, पेढे, हारतुरे. माझ्या दोन्ही भावांची वर्णी लागली.

आईने मात्र पुन्हा कुणाच्या घरी ताट घेतलं नाही. भावजया पानं वाढून आणायच्या, ती म्हशीपुढे सारायची. गोठ्यातल्या तीन दगडांवर ती मरेपर्यंत रांधत राहिली. रोज सकाळी किटली घेऊन डेअरीत जायची. तिच्या दुधाला कुणी कधी चूल विचारली नाही.

ती गेली त्या सकाळी डेअरीच्या फळ्यावर, दुधाच्या दराशेजारी, खडूने आईचं नाव आणि पुढे लिहिलं होतं: संस्थेच्या ज्येष्ठ सभासद, यांचे दुःखद निधन. मी पदराने 'सभासद' पुसलं. पदराच्या फटकाऱ्यात दरही पुसला गेला. सेक्रेटरी लगबगीने खडू घेऊन आला आणि दर तेवढा परत लिहून गेला.