चौऱ्याऐंशी वॅटचा खड्डा

आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. आम्ही नऊ जण. मी सिग्नलचा नायक, गाव कागल. पोस्टवरची वीज हवालदार रफीक शिकलगार सांभाळायचे. ते कोल्हापूरच्या शाहूपुरीतले. आम्हा दोघांचं रेडिओवरचं कोल्हापुरी बोलणं बाकीच्यांना फारसं कळायचं नाही.

रोज सकाळी सात वाजता शिकलगार उस्ताद जनरेटरचं व्होल्टेज आणि करंट मोजत. कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"व्होल्टला अँपिअरनं भागलं की रेझिस्टन्स. गुणलं की वॅट. वायरीला काय होतंय, ते तिला सांगता येत न्हाय. आकड्यातनं कळतंय."

जानेवारीत सलग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी सकाळी आठला शिपाई मुकेशला धाप लागली. ओठ निळे पडले. फुफ्फुसात पाणी झालं होतं. त्या उंचीवर हा आजार माणसाला एका दिवसात नेतो. ढगांमुळे हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशीच येणार होतं. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन लावलं, तर ते लो व्होल्टेज दाखवून सारखं बंद पडायचं. साडेअकराला एकच सिलिंडर उरला. तासाभराचा.

जनरेटर दीडशे मीटर खाली होता. उस्ताद तिथे, मी मीटर घेऊन मुकेशपाशी.

"तुझ्याकडं किती?"

"एकशे चौऱ्याऐंशी."

"हितं दोनशे तीस. करंट दोन. म्हंजे वाटंत शेहेचाळीस व्होल्ट ग्येलं. भागिले दोन, तेवीस ओहम. वायरीचा सोताचा दोन. एकवीस जादा. कुठलातरी जॉइंट सडलाय."

"उस्ताद, सगळी वायर बर्फाखाली हाय. खणायचं कुठं?"

"खणायचं न्हाय. एकवीस ओहमवर बेचाळीस व्होल्ट. गुणिले दोन, चौऱ्याऐंशी वॅट. एवढी उष्णता सकाळपासनं एका जागी निघतीया. तिथला बर्फ वितळून खाली बसला असणार की. बघत येतो."

वायर उताराच्या वरच्या कडेने गेली होती. ताज्या बर्फामुळे त्या उतारावर जायला पोस्ट कमांडर सुभेदारसाहेबांनी मनाई केली होती. उस्तादांनी रेडिओवर परवानगी मागितली.

"साहब, बीस मिनिट."

मग उत्तर आलं. "जाओ."

बारा वाजून पाच मिनिटांनी उस्ताद बोलले. "घावला. पातेल्याएवढा खड्डा पडलाय. जनरेटर बंद करा."

खाली थांबलेल्या जवानाने तो बंद केला. मी दारातून पाहत होतो. त्यांनी हातमोजे काढले. मोजे घालून तार पिळता येत नाही. थंडी उणे तीस होती. अकरा मिनिटं ते गुडघ्यावर होते.

"चालू करा. मोज."

"दोनशे सव्वीस."

"मशीन?"

"चालतंय, उस्ताद."

"मग झालं."

ते माघारी वळले. बारा वीसला वायरीच्या खालच्या उतारावरचा बर्फ सुटला आणि उस्तादांना घेऊन गेला. आवाज फार मोठा नव्हता. चार वाजून चाळीस मिनिटांनी ते आम्हाला बर्फाखाली सापडले.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने दोघांना नेलं. मुकेश बसून गेला.

सुट्टीत मी शाहूपुरीला गेलो. उस्तादांचे वडील विजेच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करतात. त्यांनी हातातलं काम खाली ठेवून उभ्यानेच सगळं ऐकलं.

"जॉइंट टिकला का?"

"टिकला, चाचा. आमी खाली उतरंपातूर त्याला कुणी हात लावला न्हाय."

त्यांनी माझ्याकडे स्टूल सरकवलं.

"बसा. त्यानं खड्डा कसा वळखला, तेवढं परत सांगा."

मी परत सांगितलं.