एका खोलीतली दोन घरं

करी रोडच्या चाळीत प्राची राणे म्हणजे ‘कॉम्प्युटरवाली’. वरळीच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, पण चाळीच्या लेखी त्याला काडीची किंमत नाही. कुणाचा टीव्ही रुसला, कुणाचा पासवर्ड हरवला, की बोलवा प्राचीला. आणि ही बया हातातला घास टाकून जाते! तिची आई पद्मजा म्हणते, “ऑफिसात काय करतेस देव जाणे, पण लोकांचे रिमोट छान दुरुस्त करतेस हो.”

ऑफिसात ती सुरुवातीला दुसऱ्यांच्या चुका शोधायची. मग बटणांचे रंग बदलायचं काम मिळालं, मग अख्खं एक पान. मुलगी चिवट. अडलेलं काम सुटेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. टीममधला सीनियर विहंग तिला सारखं बजावायचा, “तक्रार आली नाही म्हणजे काम चोख झालं असं नाही. वापरणाऱ्याला जाऊन विचार.” प्राची मान डोलवायची आणि विसरून जायची.

यंदा तिने मोठ्या कंपनीत अर्ज करायचं ठरवलं. रेझ्युमेत स्किल्सचा रकाना भरून वाहत होता, अनुभवाचा मात्र बापडा उपाशी. म्हणून तिने स्वतःच्या हिमतीवर केलेलं एक काम ठळक लिहिलं: चाळीच्या गणपतीचं आरतीचं अ‍ॅप. रोज संध्याकाळच्या आरतीचा मान एकेका घराला मिळतो, आणि त्या पाळीवरून मंडळात दरवर्षी हमरीतुमरी ठरलेली. प्राचीने सगळी घरं अ‍ॅपमध्ये घातली, पाळ्या लावल्या, ज्याची पाळी त्याच्या फोनवर मेसेज. गणपती बसले आणि यंदा चक्क भांडण नाही! तिने रेझ्युमेत लिहून टाकलं, ‘एकही तक्रार नाही.’

विहंगने ते वाचलं आणि एवढंच म्हणाला, “विचारलंस का कुणाला?”

झालं! बाईसाहेब चिडल्या आणि चिडूनच दारोदार विचारायला निघाल्या.

बावीस नंबरात लवू घाडी दारातच बसले होते. जुने गिरणी कामगार. प्राची लहान असताना आई कामावरून येईपर्यंत याच घरात असायची. त्यांची बायको कमल तिला गूळपोहे द्यायची. कमलआजी गेल्याला वर्ष उलटलं होतं. गेल्या गणपतीत सुतकाचं वर्ष म्हणून आजोबांनी आरती घेतली नव्हती.

“आजोबा, अ‍ॅप कसं वाटलं?”

“बरां केलंस गो चेडवा. कोणाची कटकट नाय.” मग जमिनीकडे बघत म्हणाले, “माजां नाव नाय तां बरोबरच आसा. कमल गेली. आता एकट्याक मान कित्याक देतले?”

प्राचीने तिथेच उंबऱ्यावर बसून फोन काढला. खोली बावीस, रामजी घाडी. बस्स. आत प्लायवूडच्या पार्टिशनआड रामजीकाकांची चूल होती, इकडे लवू आजोबांची. एकाच गावचे चुलतभाऊ, गिरणीच्या काळापासून एका खोलीत दोन घरं. तिच्या प्रोग्रामने तोच खोली नंबर दुसऱ्यांदा दिसताच ते नाव दुबार समजून उडवलं होतं. तसं करायला तिनेच सांगितलं होतं. परक्याने केलं असतं तर गोष्ट वेगळी. ही तर याच चाळीत रांगलेली, दोन्ही चुलींवरचं जेवलेली!

“आजोबा, चूक माझी आहे. मशीनने तुम्हाला चुकून काढलं.”

“मशीन कशी चुकतली?” आजोबा हसले. “माका बरां वाटूचा म्हणान सांगतंस.”

काही केल्या पटेना. शेवटी प्राची म्हणाली, “मग सात नंबरच्या राजेशकाकांचं नाव का नाही? ते तर जोडीने आहेत. तिथेही दोन भाऊ, एक खोली. एकच नाव राहिलंय.”

आजोबा चमकले. “म्हणान तो भावाशी बोलना नाय?”

“असणार! त्यांना वाटलं, भावाने परस्पर पाळी लाटली.”

तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. म्हणजे चाळीने त्यांना वगळलं नव्हतं. चुकली होती ती ही शहाणी पोर, आणि त्याचा त्यांना केवढा आनंद झाला! प्राचीला मात्र रडू आवरेना. तिने डोळे पुसत प्रोग्राम दुरुस्त केला आणि संध्याकाळच्या पाळीला त्यांचं नाव घातलं. आजोबा घुटमळले.

“नाव दोघांचां घालूक येतलां?”

हयात नसलेल्या माणसाचं नाव पाळीत घालणं म्हणजे सरळसरळ चुकीची नोंद. मुलाखतीत कुणी विचारलं असतं तर प्राचीने तसंच सांगितलं असतं. तिने दोन्ही नावं घातली. घरी गेल्यावर रेझ्युमेतली ‘एकही तक्रार नाही’ ही ओळही काढून टाकली.

संध्याकाळी लाउडस्पीकर म्हणाला, “आजची आरती, खोली बावीस, लवू आणि कमल घाडी.”

आजोबा इस्त्रीचा सदरा घालून ताट घेऊन उभे राहिले. खरी चूक कळल्यावर राजेशकाका भावाच्या खांद्याला खांदा लावून टाळ्या वाजवत होते. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आजोबा थोडे एका बाजूला सरकून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा शेवटपर्यंत मोकळी राहिली.