सोबत कोण?

सरकारी इस्पितळात, मानसिक आजारांच्या वॉर्डबाहेर, मी भावाच्या गोळ्यांसाठी रांगेत बसले होते. पुढे बालगृहातल्या मावशी एका दहा-बारा वर्षांच्या मुलीला घट्ट धरून उभ्या होत्या. मुलीच्या कपाळावर टेंगूळ होतं. कालपासून ती भिंतीवर डोकं आपटतेय, असं मावशी सांगत होत्या. डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलं होतं.

सिस्टरने विचारलं, "सोबत कोण राहणार?"

"मी कशी राहू? तिकडं बाकीच्या पोरी आहेत."

"घरचं माणूस असल्याशिवाय इथे ठेवून घेत नाहीत."

"हिला घरचं कुणी नाही हो. सरकारच पालक आहे हिचं."

"मग बोलवा सरकारला!"

सगळी रांग हसली. माझं डोकंच फिरलं. आईबाप नाहीत किंवा नीट सांभाळत नाहीत म्हणून सरकार पोर ताब्यात घेतं. ताबा! हा शब्द आपण जमिनीला वापरतो, जप्त केलेल्या गाडीला वापरतो. ताबा घ्यायला पोलीस असतात, जीप असते, सही-शिक्का असतो. आणि तेच पोर आतून मोडलं की त्याच्या उशाशी स्टूल ओढून बसायला एवढ्या मोठ्या सरकारकडे एक माणूस नसतो. वर आम्ही हसतो!

मावशी तिला घेऊन परत निघाल्या, त्याच भिंतीकडे.

ती मुलगी हसली नव्हती. सिस्टर तसं बोलली तेव्हा तिने मान वळवून दाराकडे पाहिलं होतं, सरकार येतंय का ते.