दुसरं सील

दादाच्या उजव्या हाताला कंप सुटला, त्याच वर्षी मी माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन खोलायला काढलं. गाडी दोन सीटची, पंचवीस वर्षांची, पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून हौसेनं घेतलेली. मी बारामतीला कॉलेजात शिकवतो. पाना धरायला दादानं शिकवलं. तो साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होता. आता निवृत्त होऊन कन्हेरीच्या घरी गप्प बसून असायचा. गाडीचं इंजिन जागोजागी तेल गाळत होतं. तेवढंच त्याच्या हाताला काम, असं मी वहिनीला म्हणालो.

चेनकप्पीनं इंजिन वर घेऊन आम्ही ते दादाच्या घराशेजारच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं. मी खोलायचो, दादा प्रत्येक बोल्ट रॉकेलमध्ये धुवून पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकात खोचायचा. सांध्यांमधली जुनी गॅस्केटं करपून अॅल्युमिनियमला चिकटली होती. मी ती खरवडून काढली की तो अंगठा फिरवून बघायचा. "हितं अजून हाय. पुन्यांदा घास." डोळ्यांना दिसत नव्हतं ते त्याच्या अंगठ्याला कळायचं. त्या तीन आठवड्यांत तो जेवायला बसला तरी इंजिनाचंच बोलायचा.

शेवटी क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील राहिलं, तेल अडवणारी रबरी कडी. ते चुकलं तर अख्खं इंजिन परत उतरवायचं.

"ह्ये मी बसवणार," दादा म्हणाला.

त्यानं सीलच्या आतल्या कडेला तेल लावलं, श्वास रोखला आणि सील क्रँकवर चढवायला घेतलं. हात हलला. रबराची कड क्रँकच्या धारेला घासली. मला बारीक चीर दिसली. दादानं हातोडीनं हळू ठोकून सील आत बसवलं आणि घाम पुसत माझ्याकडे बघितलं.

"झ्याक बसलं," मी म्हणालो.

इंजिन परत चढवलं, गाडी सुरू झाली. दादाला शेजारी बसवून इंदापूर रस्त्यानं फिरवून आणलं. तो उसाच्या ट्रॉल्यांना हात करत होता. चौथ्या दिवशी गाडीखाली तेल दिसलं. दादा कण्हत गाडीखाली सरकला आणि बोट तेलानं माखून बाहेर आला.

"मागचंच सील. बसवताना काय दिसलं हुतं का तुला?"

"न्हाय."

आम्ही इंजिन पुन्हा उतरवलं. मी कपाटातून नवं सील काढलं, तेव्हा दादानं डबी हातात घेतली.

"ह्ये कवा मागवलंस?"

खोटं सुचलं नाही. "पहिल्यासंगंच."

त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि डबी बाकावर ठेवली. पुसायचं फडकं नीट घडी करून तिच्याशेजारी ठेवलं आणि घरात गेला. दुसरं सील मी एकट्यानं बसवलं. इंजिन सुरू केलं तेव्हा तो ओसरीवर होता. आवाज ऐकून उठला आणि आत निघून गेला. त्यानंतर तो शेडमध्ये आला नाही.

दीड वर्षात तो अंथरुणाला खिळला. बोलणं जड झालं होतं. त्याला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. वहिनी चहाला गेली असताना मी एकदाचं सांगून टाकलं, की चीर मला तेव्हाच दिसली होती.

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग एकेक शब्द ओढत म्हणाला, "तवाच सांगायचं हुतंस. दुसरं हुतं की. मी परत बसवलं असतं."

मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. आठवड्यानं तो गेला.