पडद्यावरचं दुसरं कडवं

आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी. कुरुळीत मोठ्या रस्त्यापासून आत एक पत्र्याचा हॉल आहे, तिथं रविवारी सकाळी आमची उपासना. येऊन येऊन चाळीस माणसं, त्यातही ज्यांची पहिली शिफ्ट ती येत नाहीत. गाणं उचलायचं, म्हणजे पहिली ओळ धरून लोकांना मागोमाग न्यायचं काम मात्र पहिल्यापासून आमच्या ह्यांचं. सतरंजीवर पेटी घेऊन बसायचे, भाता हलवायचे की गाणं सुरू. हे थांबले की पेटी थांबायची, पेटी थांबली की लोक. त्यामुळं कुणाला काही कळायचं नाही. मला कळायचं.

काय कळायचं, तर ह्यांना ऐकू येत नव्हतं. अगदी ठार बहिरे नाहीत, पण सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये काढलेला माणूस. दिवसभर लोखंडावर लोखंड आदळणार, कान राहतील कसे? घरात मी पाठमोरी काही बोलले तर उत्तर यायचं नाही. पेटी ते बोटांनी वाजवायचे, कानानं नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही, असं न बोलताच आमच्यात ठरलेलं होतं. कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला आठवड्यात एक सकाळ अशी असते की लोक त्याची वाट बघतात. तेवढी जाऊ नये, एवढीच माझी धडपड.

मग पाळकसाहेबांनी प्रोजेक्टर आणायचं ठरवलं. गाण्यांची पुस्तकं फाटलेली, नवीन कुटुंबांकडं तीही नाहीत. पडद्यावर शब्द आले की सगळे गातील. शब्द टाइप करायचं मी घेतलं. मी सातवी शिकलेली, पण मोबाइलवर मराठी लिहायला माझी मीच शिकले होते, मग लॅपटॉपची काय भीती? एका पानावर एक कडवं असं करत पंधरा दिवसांत अकरा गाणी बसवली. मला वाटलं, झालं माझं काम. पण संगीतही आता कॉम्प्युटरवरूनच वाजणार, हे नंतर कळलं. पेटी पेटीत गेली. पेटी ह्यांच्यासाठी थांबायची. कॉम्प्युटर कुणासाठी थांबतो?

जोडणीचं काम आमच्यातलाच एक जण करणार होता. कंपनीत मेंटेनन्सला आहे, मला काकू म्हणतो, जिभेला हाड नाही पण मनाचा चांगला. त्याची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वीज जाते, म्हणून तर सुट्टी. तेव्हा वीज आली की या, असं ठरलं. साडेचारला वीज आली. त्यानं स्टँडवर दोन स्पीकर उभे केले, तोंडं लोकांकडं. हे त्या स्पीकरच्या मागं माइक धरून उभे. आवाजाच्या मिक्सरचं कुठलंतरी बटण फिरलं आणि माइकनं अशी शिट्टी मारली की मी, पाळकसाहेब, तो स्वतः, सगळ्यांनी कान झाकले. हे मात्र शांतपणे पुस्तकाचं पान उलटत होते.

मी पुढं होऊन ह्यांचा दंड दाबला, तसं त्यांनी उशिरानं कानावर हात नेला. मेंटेनन्सवाला हसला. "काका, तुम्ही तर शिट्टीचं संगीत समजलात."

संगीत लावल्यावर त्याहून वाईट. ह्यांना ते कुठं सुरू झालं तेच समजेना. ओळभर मागं राहिले, मग घाईनं पुढं गेले. पाळकसाहेब निघताना मला म्हणाले की काका दमले असतील, एखादा रविवार त्यांनी समोर नुसतं बसायला काय हरकत आहे. एखादा रविवार म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं.

घरी ह्यांनी जेवणाला हात लावला नाही. म्हणाले, "लॅपटॉप इकडं आण. आवाज लावू नकोस. नुसतं पान बदलून दाखव."

मी ओट्यावर लॅपटॉप ठेवला. मग त्यांनी मला समजावलं. प्रेस शॉपमध्ये ऐकून काम कुणीच करत नाही. मशीनवर हिरवा दिवा लागला की दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबायची, दिवा नसेल तर हात मागं. मी पान बदललं की तो त्यांचा दिवा. तेवढ्यावर ते गाणं उचलणार. संगीत ऐकायचं माझ्या कानांनी.

तीन दिवस आम्ही स्वयंपाकघरात तेच केलं. मी एक कान संगीताला लावून बसायची आणि त्यांच्याकडं बघायची. गाणं उचलायच्या आधी त्यांचे खांदे जरासे वर येतात हे इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. खांदे वर आले की दाबायचं. आधी दाबलं की घाई होते, नंतर दाबलं की उशीर. भाकरी करतानाही माझं बोट पिठात आपोआप दाबलं जायचं.

पाळकसाहेबांना मी म्हटलं, हा रविवार ह्यांनाच उचलू द्या, आणि ते हो म्हणाले. पडदा ह्यांच्या पाठीमागं असणार, म्हणून त्यांच्यासमोर स्टुलावर एक जुना मॉनिटर हवा होता. मेंटेनन्सवाल्याला मी सांगितलं की ह्यांची मान दुखते, मागं वळता येत नाही. त्यानं बिचाऱ्यानं मॉनिटर लावला आणि वर मानेला लावायचं तेल पण आणून दिलं. उपासनेच्या जागी खोटं बोलले, त्याचं अजून वाटतं.

रविवारी हॉल भरलेला, लॅपटॉपपाशी मी. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्या गाण्याला तीन कडवी. पहिलं झालं, मधलं संगीत वाजायला लागलं, ह्यांचे खांदे वर आले आणि घामेजलेलं माझं बोट दोनदा दाबलं गेलं. पडद्यावर एकदम तिसरं कडवं. ह्यांनी ते खणखणीत उचललं. चाल तीच, आणि लोक पडद्याचे गुलाम, सगळे मागोमाग गायले. वाटलं, निभावलं.

पण संगीत तीन कडव्यांचं होतं. तिसरं कडवं संपलं, सवयीनं मी पुढं दाबलं, मॉनिटर काळा झाला, ह्यांच्या दृष्टीनं गाणं संपलं. संगीत मोठ्यानं वाजतंय, आणि लोकांना बसवायला ह्यांचा हात वर निघाला. समोरच्या दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मला आवाज बंद करायचंही सुचेना. हात हवेत, अर्ध्यावर. मी मागं जायचा बाण दाबला, आणखी एकदा दाबला, आणि दुसरं कडवं आलं.

ह्यांनी हात तसाच धरला. खांदे वर आले. एक ओळ हुकली होती, पण उचललं त्यांनी. वरती निघालेला हात ताल द्यायला लागला. दुसरं कडवं शेवटी, पण सगळी मंडळी गायली.

उपासनेनंतर मेंटेनन्सवाला आलाच. "काकू, पुस्तकात बदल केलात का राव?" मी हसून घेतलं. पाळकसाहेब वायरी गुंडाळत होते. तो गेल्यावर हळूच म्हणाले, "काकांना ऐकू येत नाही ना?"

आता काय खोटं बोलणार? सांगून टाकलं सगळं, दिवा, खांदे, मान न दुखणं. ते वायर हातात धरून ऐकत राहिले. मी वाट बघत होते की म्हणतील, आता पुरे. ते म्हणाले, "आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

परत येताना मी रस्त्याकडेला त्यांना थांबवून, समोर उभं राहून सांगितलं की पाळकसाहेबांना कळलंय. ते म्हणाले, "कडवं कुणी चुकवलं?"

"मी."

"मला वाटलं मी," म्हणाले, आणि पुढं चालायला लागले.

आता गुरुवारी वीज आली की पाळकसाहेबांच्या पत्नी पान बदलायचं शिकायला माझ्या शेजारी येऊन बसतात. गेल्या रविवारी एक गाणं मी त्यांच्या हाती दिलं आणि पदर तोंडाशी धरून मागच्या रांगेत बसले. त्या जरा आधी दाबतात. ह्यांनी श्वास पुरता न घेताच उचललं आणि ओळीच्या शेवटी आवाज फाटला. मी बाईंना सांगितलंय, पडद्याकडं बघू नका, शब्द लोक बघतील. तुम्ही खांद्यांकडं बघा.