पदरच्या खर्चाची कादंबरी

साकोलीच्या पंचायत समितीत कारकून असलेल्या डोमाजी रामटेक्यांनी कित्येक वर्षं खपून एक कादंबरी लिहिली. छप्पन साली बौद्ध झालेल्या आपल्या गावाची, आपल्या आईची. १९७८ साली ती त्यांनी पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. वर्षभराने उत्तर आलं: पूर्वार्ध अस्सल आहे, पुढे नुसती भाषणं झाली आहेत. तेवढं पुन्हा लिहा, आमच्या खर्चाने काढू.

डोमाजींना ते झोंबलं. कचेरीत तर जो तो विचारायचा, "पुस्तक कधी येऊन राहिलं, डोमाजी?" शेवटी ते नागपूरच्या एका प्रकाशकाकडे गेले. त्याने हस्तलिखित उघडूनही पाहिलं नाही. खर्च लेखकाचा, प्रती विकायच्याही लेखकानेच. बायको विमलाबाईंनी धानाच्या शेताची एक बांधी घेण्यासाठी साठवलेले पैसे त्यात गेले. दिवाळीआधी गठ्ठे एसटीच्या टपावरून साकोलीत उतरले.

वाचनालयात सत्कार झाला. "प्रकाशकानं सोताहून मागून नेली," डोमाजी भाषणात बोलून गेले. टाळ्या पडल्या. विमलाबाईंनी मान खाली घातली.

ते ऐकून शाळेतल्या शिक्षिका मालनबाई आपल्या कविता घेऊन त्याच प्रकाशकाकडे गेल्या. परतल्या त्या थेट डोमाजींच्या घरी.

"भाऊ, त्यायनं मले खर्च मागतला. म्हणे, रामटेक्यांनी बी देल्ला. खोटं बोलून राहिले न ते?"

"खोटंच," डोमाजी म्हणाले.

विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. "खोटं नाही, बाई. माह्याच हातानं देल्ला."

डोमाजींना वर पाहवेना. तसंच खाली पाहत त्यांनी पुण्याच्या प्रकाशकाचा पत्ता लिहून दिला. "इथं पाठवा. वेळ लागते. दुरुस्त्या सांगतीन, त्या करा. मी नाही केल्या."

मालनबाईंनी केल्या. चौऱ्याऐंशी साली संग्रह आला, प्रकाशकाच्या खर्चाने, आणि गावोगावच्या दुकानांत लागला. दरम्यान डोमाजींनीही उत्तरार्ध नव्याने लिहून पाठवला होता. पुण्याहून कळलं: आता उत्तम उतरलाय, पण एकदा छापून गेलेलं पुस्तक आम्हाला घेता येत नाही.

मालनबाईंच्या सत्काराला डोमाजींना मंचावर बोलावलं, तसे ते जागेवरूनच म्हणाले, "मले नका बोलवू. माही कादंबरी कोणी मागून नेली नव्हती. मीच पैसे देऊन छापली."

कान तापलेले डोमाजी चहा न घेताच बाहेर पडले. विमलाबाई मात्र थांबल्या, आणि मालनबाईंचं पुस्तक विकत घेऊनच घरी आल्या.